शेजारी देशांशी आपले नाते नेमके कोण ठरवते?

द्रोणागिरी
न्हावा शेवा बंदरात आयात-निर्यातीची कागदपत्रे करण्यात माझी 19 वर्षे गेली. मे 2025 मध्ये केंद्र सरकारने बांगलादेशातील तयार कपडे जमिनीवरच्या नाक्यांमधून आणण्यास बंदी घातली आणि हा माल यापुढे फक्त न्हावा शेवा व कोलकाता या दोन बंदरांतून येईल, असे ठरवले. त्याआधी ढाक्याजवळच्या कारखान्यातून निघालेला शर्टांचा ट्रक बेनापोल-पेट्रापोल नाका ओलांडून पश्चिम बंगालमध्ये शिरत असे आणि तेथून रस्त्याने देशभर जात असे. आता तोच माल आधी चितगावला जातो, बहुतेक वेळा कोलंबोला जहाज बदलतो, अख्ख्या द्वीपकल्पाला वळसा घालून अरबी समुद्रात येतो आणि मग त्याचे कागद माझ्या टेबलावर पडतात.

परवा अशीच एक फाइल हातात होती. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग आणि त्यांच्या मागे टाचणीने लावलेले साफ्टाचे (दक्षिण आशियाई मुक्त व्यापार कराराचे) प्रमाणपत्र, म्हणजे माल खरोखर बांगलादेशातच तयार झाल्याचा दाखला. हा दाखला असला की शुल्कात सवलत मिळते. त्यावरचा शिक्का पाहताना मनात आले की दक्षिण आशियाई देशांच्या ज्या सार्क संघटनेच्या करारातून हा कागद जन्मला, तिची शिखर परिषद नोव्हेंबर 2014 मध्ये काठमांडूला झाली, त्यानंतर एकदाही झालेली नाही. सरकारे एका खोलीत बसायला तयार नाहीत, आणि हा कागद मात्र रोज चालतो आहे.

मे महिन्याच्या निर्णयाला मागचा संदर्भ होता, हे मला माहीत आहे. मार्चमध्ये बांगलादेशाच्या तेव्हाच्या हंगामी सरकारचे प्रमुख मुहम्मद युनूस यांनी बीजिंगमध्ये आपल्या ईशान्य भारताविषयी विधान केले, 8 एप्रिलला भारताने बांगलादेशी मालाला आपल्या बंदरांतून आणि विमानतळांवरून तिसऱ्या देशांत जाण्यासाठी दिलेली सवलत काढून घेतली, त्याच महिन्यात बांगलादेशाने भारतीय सुताची जमिनीवरून होणारी आयात थांबवली. एकाने दार लोटले की दुसरा खिडकी लावून घेतो. माझा प्रश्न इतकाच आहे की हे निर्णय परराष्ट्र धोरण म्हणून विचारपूर्वक घेतले जातात, की प्रत्येक देशातील घरगुती राजकारण ते घडवते? सदस्यांनी आपापल्या अनुभवातून लिहावे, ही विनंती.

गिरगावचा_वाचक
विषय उत्तम आहे. माझे मत एका वाक्यात सांगतो: दक्षिण आशियात परराष्ट्र खाते पत्रे लिहिते आणि मतदारसंघ त्यांचा मजकूर ठरवतात.

अनुजा_वि
गिरगावच्या वाचकांच्या म्हणण्यात बरेच तथ्य आहे, पण मला आधी संस्थेच्या घडणीकडे पाहावेसे वाटते. सार्क 8 डिसेंबर 1985 रोजी ढाक्यात स्थापन झाली आणि तिच्या सनदेतच दोन गोष्टी लिहिल्या गेल्या: प्रत्येक निर्णय एकमताने व्हावा आणि द्विपक्षीय अथवा वादग्रस्त प्रश्न चर्चेला घेऊ नयेत. लहान देशांना वाटत होते की भारत आपल्यावर मत लादेल, आणि भारताला वाटत होते की सगळे लहान देश मिळून आपल्यालाच घेरतील. दोन्ही भीती एकाच सनदेत बांधल्या गेल्यामुळे वाद मिटवण्याची जागा तेथे उरलीच नाही आणि एका सदस्याने नकार दिला की सगळे थांबते. 2016 मध्ये उरीच्या हल्ल्यानंतर इस्लामाबादची परिषद रद्द झाली, ती कायमचीच.

व्यापाराचे आकडेही तेच सांगतात. दक्षिण आशियातील देशांच्या एकूण व्यापारापैकी जेमतेम 5 टक्के व्यापार आपसांत होतो, तर आग्नेय आशियातील आसियान देशांत हे प्रमाण सुमारे 25 टक्के आहे, असे जागतिक बँक सांगत आली आहे. तिच्याच 2018 च्या अहवालात म्हटले होते की भारतीय कंपनीला दक्षिण आशियातील शेजाऱ्यापेक्षा ब्राझीलशी व्यापार करणे सुमारे 20 टक्क्यांनी स्वस्त पडते.

लासलगाव_ते_लालबाग
माझे घर निफाड तालुक्यातील आणि नोकरी मुंबईत, त्यामुळे हा विषय मला दोन्ही बाजूंनी लागतो. गावाकडच्या कांद्याचा सर्वांत मोठा परदेशी ग्राहक बरीच वर्षे बांगलादेश होता. सप्टेंबर 2019 मध्ये निर्यातबंदी झाली, सप्टेंबर 2020 मध्ये पुन्हा झाली, ऑगस्ट 2023 मध्ये 40 टक्के निर्यातशुल्क लागले आणि 8 डिसेंबर 2023 ला परत संपूर्ण बंदी आली, जी मे 2024 मध्ये उठली. 2019 च्या बंदीनंतर लगेच बांगलादेशाच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या आणि आधी कळवले असते तर आम्ही दुसरीकडून सोय केली असती, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. त्यात राग कमी होता आणि अडचण जास्त होती, असे मला तेव्हाही वाटले.

2023 च्या डिसेंबरात मी सुट्टीसाठी गावी होतो. मोठ्या भावाने आदल्या रात्री ट्रॅक्टर भरून ठेवला होता, पहाटे ताडपत्रीवरचे दव झटकून तो बाजार समितीत गेला आणि दुपारी तसाच भरलेला ट्रॅक्टर घेऊन परत आला, कारण लिलाव बंद पडले होते. उन्हाळ कांदा चाळीत चार-पाच महिने टिकतो, पण डिसेंबरचा लाल कांदा टिकत नाही. त्याच्या मानेत ओल असते आणि गोणीत आठ-दहा दिवसांत वास सुटतो. वहिनीने तो सगळा कांदा अंगणात पसरून रोज संध्याकाळी हाताने निवडला. शहरातील भाव आवरण्यासाठी घेतलेल्या निर्णयाची झळ आमच्या अंगणात लागली आणि ढाक्याच्या स्वयंपाकघरातही लागली. त्या दोघांपैकी कोणालाच कोणी विचारले नव्हते. पुढे 2024 च्या लोकसभा निवडणुकीत दिंडोरीत हाच मुद्दा गाजला आणि तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री तेथून पराभूत झाल्या. तेव्हा धागाकर्त्यांच्या प्रश्नाला माझे उत्तर असे की घरगुती राजकारणच ठरवते, पण त्या घरातही शेतकऱ्याची खोली सर्वांत मागे असते.

हेमंत_मुलुंड
मी येथे वेगळा सूर लावतो आहे आणि तो जाणीवपूर्वक लावतो आहे. व्यापाराचे आकडे वाचताना असे वाटू लागते की दोन्ही बाजू सारख्याच हट्टी आहेत आणि थोडा समजूतदारपणा दाखवला की सर्व सुरळीत होईल. मी 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री सीएसएमटीवर होतो. लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या बाजूला सामानावर डोके टेकून झोपलेली माणसे मी पाहिली होती, आणि मी लोकलच्या फलाटाकडे वळलो म्हणून आज येथे लिहितो आहे. त्या स्थानकावर 58 माणसे मारली गेली. मारेकरी कराचीहून समुद्रमार्गे आले, वाटेत त्यांनी पोरबंदरची एक मासेमारी बोट बळकावली, तिच्या तांडेलाला ठार केले आणि कफ परेडच्या कोळीवाड्याजवळ ते उतरले.

भारताने 1996 मध्ये पाकिस्तानला सर्वाधिक पसंतीच्या देशाचा दर्जा दिला होता. तो 26/11 नंतरही काढला नाही; पुलवामानंतर, म्हणजे फेब्रुवारी 2019 मध्ये काढला. पाकिस्तानने तो दर्जा आपल्याला कधीच दिला नाही. म्हणून जेव्हा कोणी म्हणते की शेजाऱ्यांशी व्यापार का नाही, तेव्हा मला विचारावेसे वाटते की 23 वर्षे एकतर्फी उघडे ठेवलेले दार कोणी नाकारले. देशाची सुरक्षा हे मतांसाठीचे राजकारण नव्हे. एप्रिल 2025 मध्ये पहलगामनंतर अटारीचा नाका बंद झाला आणि सिंधू जलकरार स्थगित झाला, त्याला मी मतपेढीचा निर्णय म्हणणार नाही.

द्रोणागिरी
हेमंतराव, आपण लिहिलेत ते वाचून बराच वेळ काही लिहिता आले नाही. पाकिस्तानचा प्रश्न इतरांपेक्षा वेगळा आहे, हे मी मान्य करतो आणि मूळ लेखात ते स्पष्ट करायला हवे होते. माझा रोख जेथे रक्तपात नाही तेथेही दारे का लागतात, याकडे अधिक आहे.

केळवे
मी पालघर जिल्ह्यात आश्रमशाळेवर शिक्षिका होते, आता निवृत्त होऊन बोरिवलीला राहते. हेमंतरावांच्या शब्दाला मी काहीच उत्तर देणार नाही, कारण त्याला उत्तर नाही. फक्त त्याच समुद्रावरची दुसरी एक गोष्ट सांगते.

तलासरी आणि डहाणूकडचे वारली, कोकणा समाजाचे तरुण पाऊस संपला की ओखा, पोरबंदर, वेरावळच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. घरी भाताची कापणी झालेली असते आणि पुढचे सात-आठ महिने गावात रोजगार नसतो. बोट कच्छच्या पलीकडे सरकली की पाकिस्तानी सागरी सुरक्षा दल ती पकडते, बोट जप्त होते आणि माणसे कराचीच्या मलीर तुरुंगात जातात. शिक्षा काही महिन्यांची असते, पण ती संपल्यावरही राष्ट्रीयत्वाची खातरजमा होईपर्यंत माणूस सुटत नाही. माझ्या वर्गातील एका मुलीचा बाप असा अडकला होता. तिच्या आईने शिधापत्रिका, आधार आणि नवऱ्याचा लग्नातला एक फोटो प्लास्टिकच्या पिशवीत घालून ती पिशवी छपराच्या वाशाला बांधून ठेवली होती, कारण घरात उंदीर होते आणि पोलीस चौकशीला कधी येतील हे सांगता येत नव्हते. फोटोतील वधूवरांपैकी वधूचा अर्धा भाग ओलीने गेला होता. नवऱ्याचा चेहरा शाबूत आहे ना, एवढेच ती पुन्हापुन्हा पाहत असे.

2008 च्या करारानुसार दोन्ही देश दर 1 जानेवारीला आणि 1 जुलैला एकमेकांच्या ताब्यातील कैद्यांच्या आणि मच्छीमारांच्या याद्या देतात. इतके सगळे घडूनही या याद्या देणे बंद झालेले नाही. दोन्ही देशांच्या निवृत्त न्यायाधीशांची एक समिती 2007 मध्ये नेमली होती, ती तुरुंगांना भेटी देत असे आणि तिच्या शिफारशींमुळे माणसे सुटत. ती समिती मात्र बरीच वर्षे निष्क्रिय पडली आहे. हल्लेखोराला कठोर शासन व्हावे आणि खलाशी घरी यावा, या दोन्ही मागण्या एकच माणूस करू शकतो, असे मला वाटते.

हेमंत_मुलुंड
केळवेताई, पूर्ण सहमत आहे. ज्या बोटीच्या तांडेलाला मारले तोही असाच पोट भरायला गेलेला माणूस होता.

नाखवा_वेसावे
ताईंनी समुद्राचा विषय काढला म्हणून लिहितो. ज्या सर खाडीच्या परिसरात या बोटी पकडल्या जातात, तिचा वाद मुळात आपल्या मुंबईचा आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. 1936 पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचा भाग होता. सिंध आणि कच्छ संस्थान यांच्यातील हद्दीचा तंटा मुंबई सरकारने 1914 मध्ये एका ठरावाने मिटवला. त्या ठरावाबरोबरच्या नकाशात हद्द खाडीच्या पूर्व काठावरून दाखवली आहे, असे पाकिस्तान म्हणतो. नौकानयनयोग्य पाण्यात हद्द प्रवाहाच्या मध्यावरून असते आणि पुढे तसे खांबही रोवले गेले, असे भारत म्हणतो. सुमारे 96 किलोमीटर लांबीची ही दलदलीची खाडी, पण तिचे मुख जेथे धरावे तेथून पुढची सागरी हद्द ठरते आणि म्हणून दोघेही सोडत नाहीत. पाण्यावर रेघ नसते. ओहोटीला जाळे ओढत असताना बोट किती सरकली हे जीपीएसवर दिसते खरे, पण मासा कोणत्या बाजूला आहे हे त्यावर दिसत नाही.

आता दुसरी बाजू. पाल्कच्या सामुद्रधुनीत श्रीलंकेचे नौदल तमिळनाडूच्या बोटी पकडते, तेव्हा आपल्याकडे लगेच कच्चतीवूचे नाव निघते. 285 एकरांचे ते बेट 1974 च्या करारात श्रीलंकेकडे गेले आणि 2024 च्या निवडणुकीत तो प्रचाराचा मुद्दा झाला. मी मासेमार म्हणून सांगतो की बेट परत मिळाले तरी तंटा मिटणार नाही. आमच्या ट्रॉलर बोटी तळ खरवडून काढतात. तिकडच्या उत्तर किनाऱ्यावरचे तमिळ मच्छीमार 2009 पर्यंत युद्धात होरपळले, त्यांनी कर्ज काढून जाळी घेतली आणि रात्री आलेले ट्रॉलर ती जाळी कापून जातात. श्रीलंकेने 2017 मध्ये कायद्याने तळ खरवडण्यावर बंदी घातली. आम्ही वेसाव्याचे कोळी पर्ससीन या मोठ्या जाळ्यांच्या आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीविरुद्ध ओरडतो, तेच ते लोक आमच्या देशाच्या बोटींविरुद्ध ओरडत आहेत. गरीब तमिळ माणसाचे गरीब तमिळ माणसाशी भांडण आहे आणि त्यात दोन राजधान्या आपापले झेंडे रोवतात.

गिरगावचा_वाचक
सर खाडी आणि 1914 चा मुंबई सरकारचा ठराव हे मला सर्वस्वी नवे होते. नाखवा, मनापासून आभार.

जलमापक
पाटबंधारे खात्यात आयुष्य गेल्यामुळे मी नद्यांपुरते लिहितो. सिंधू जलकरार 19 सप्टेंबर 1960 रोजी कराचीत झाला, त्यात रावी, बियास, सतलज भारताला आणि सिंधू, झेलम, चिनाब मुख्यतः पाकिस्तानला मिळाल्या. 1965, 1971 आणि 1999 च्या लढाया झाल्या तरी तो टिकला, कारण त्यात दोन आयुक्त, नियमित भेटी आणि आकड्यांची देवाणघेवाण असे रोजचे काम लिहिलेले होते. तो 2025 मध्ये स्थगित झाला.

गंगेचा करार यापेक्षा वेगळा आहे. फरक्का बंधारा 1975 मध्ये सुरू झाला आणि पाणीवाटपाचा दीर्घ मुदतीचा करार व्हायला 12 डिसेंबर 1996 उजाडला. मुदत 30 वर्षांची, म्हणजे ती डिसेंबर 2026 मध्ये संपते. 1 जानेवारी ते 31 मे या कोरड्या काळात फरक्क्याला दहा-दहा दिवसांच्या टप्प्यांनी पाणी मोजले जाते आणि प्रवाह 70,000 क्युसेक किंवा त्याहून कमी असेल तर निम्मे-निम्मे वाटले जाते. तीस्तेचा करार 2011 मध्ये सहीच्या उंबरठ्यावर होता. पंतप्रधान मनमोहन सिंग ढाक्याला निघाले आणि पश्चिम बंगालच्या मुख्यमंत्री ममता बॅनर्जी यांनी सोबत जाण्यास नकार दिला. तेथे तो अडकला, तो आजतागायत. द्रोणागिरी, आपल्या प्रश्नाचे याहून थेट उत्तर मला माहीत नाही.

आपण महाराष्ट्रातील लोकांनी हे समजून घ्यायला हवे. अलमट्टीच्या उंचीबद्दल सांगली-कोल्हापूरचे लोक जे बोलतात, तेच बांगलादेशातील लोक फरक्क्याबद्दल बोलतात.

कृष्णाकाठ
जलमापकसाहेब, येथे थोडी दुरुस्ती करतो, कारण मी सांगलीचा आहे आणि 2019 चे पाणी आमच्या घराच्या दुसऱ्या पायरीपर्यंत आले होते. अलमट्टीच्या बाबतीत आपण नदीच्या वरच्या अंगाला आहोत आणि आपली तक्रार फुगवट्याची आहे. बांगलादेश खालच्या अंगाला आहे आणि त्याची तक्रार उन्हाळ्यात पाणी न येण्याची व पावसाळ्यात एकदम येण्याची आहे. आपली तुलना नेमकी उलट बसते: बांगलादेशाच्या जागी कर्नाटक बसतो आणि फरक्क्याच्या जागी आपण.

जलमापक
दुरुस्ती मान्य आहे. भूगोल उलटा आहे हे खरे. मला साम्य दिसते ते अविश्वासात. 2019 च्या पुरात आमच्या नियंत्रण कक्षातून कोयनेचा विसर्ग कळवला जात होता आणि पलीकडून अलमट्टीचा आकडा येत होता, पण त्या आकड्यावर कोणाचाच विश्वास नव्हता. त्यानंतर दोन्ही राज्यांच्या अभियंत्यांनी पावसाळ्यात थेट संपर्क ठेवायला सुरुवात केली. वाद संपलेला नाही, पण आकड्यावरचा वाद बराच कमी झाला आहे. एकाच देशातील, एकाच न्यायालयाखालील दोन राज्यांत जर हे इतके कठीण जाते, तर दोन सार्वभौम देशांत किती कठीण असेल, हे मला सुचवायचे होते.

मृणाल_पार्ले
नेपाळचा उल्लेख अजून कोणी केला नाही. आमच्या सोसायटीत जे वॉचमन आहेत, ते पश्चिम नेपाळातील अछाम जिल्ह्याचे. 1950 च्या करारामुळे त्यांना येथे यायला पारपत्र लागत नाही, व्हिसा लागत नाही. सप्टेंबर 2015 मध्ये नेपाळची नवी राज्यघटना लागू झाली, भारताच्या सीमेलगतच्या मैदानी भागातील मधेशी समाजाने आंदोलन केले आणि रक्सौल-बीरगंज नाक्यावर ट्रकच्या रांगा थांबल्या, त्या जवळपास पाच महिने. भारत सरकारने सांगितले की आंदोलनामुळे वाहने अडली आहेत आणि आम्ही नाकेबंदी केलेली नाही. नेपाळातील बहुतेकांनी ते मानले नाही. एप्रिलच्या भूकंपात सुमारे 9,000 माणसे गेली होती आणि त्यातून देश उठत असतानाच इंधन आणि औषधे अडली. आमचे वॉचमनदादा तेव्हा रात्री गेटवर बसून आईशी फोनवर बोलत. एकदा फोन ठेवून त्यांनी मला विचारले होते, "मॅडम, तुमच्याकडे गॅस कोण बंद करतो?" मला काहीही सांगता आले नाही.

पुढच्याच मार्चमध्ये नेपाळने चीनशी मालवाहतुकीचा करार केला. आपण एक दार आवळले आणि शेजाऱ्याने दुसरे शोधले, हे मला त्या प्रसंगातून दिसते. पण त्याच नेपाळची दुसरी बाजूही आहे. सप्टेंबर 2019 मध्ये मोतिहारी ते अमलेखगंज ही 69 किलोमीटरची तेलवाहिनी सुरू झाली, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये नेपाळची 40 मेगावॅट वीज भारताच्या तारांमधून बांगलादेशात गेली. तीन देशांचे राजकारण त्या काळात अत्यंत बिघडलेले होते आणि तरी वीज गेली.

अनुजा_वि
मृणाल यांच्या प्रतिसादाला एक जोड द्यावीशी वाटते. 2022 च्या जुलैत श्रीलंकेत, 5 ऑगस्ट 2024 रोजी बांगलादेशात आणि 9 सप्टेंबर 2025 रोजी नेपाळात रस्त्यावरील तरुणांनी सत्ताधीशांना पायउतार व्हायला लावले. तिन्ही ठिकाणची कारणे घरातली होती: श्रीलंकेत परकीय चलन आटले आणि खत-इंधन मिळेना, बांगलादेशात सरकारी नोकऱ्यांतील आरक्षणावरून सुरू झालेले आंदोलन गोळीबारानंतर पेटले, नेपाळात समाजमाध्यमांवरील बंदीने वर्षानुवर्षांच्या भ्रष्टाचाराविरुद्धच्या रागाला वाट मिळाली. भारताने श्रीलंकेला त्या वर्षी सुमारे 4 अब्ज डॉलरची मदत दिली, आणि ती मदत तेथील लोकांना दिसली. बांगलादेशात मात्र आपण एका देशाशी मैत्री केली की एका पक्षाशी, हा प्रश्न तेथील तरुण विचारतात, आणि शेख हसीना भारतात आल्यावर तो अधिक तीव्र झाला. शेजारच्या राज्यकर्त्यावर विसंबून धोरण आखले की तो गेल्यावर सगळेच नव्याने मांडावे लागते. मालदीवमध्येही भारताच्या सैनिकांना परत पाठवण्याच्या घोषणेवर मोहम्मद मुइझ्झू 2023 मध्ये निवडून आले, मे 2024 पर्यंत सैनिक परतले, आणि त्याच ऑक्टोबरात ते आर्थिक मदतीसाठी भारतात आले, त्या दौऱ्यात मुंबईलाही आले. म्हणजे आपण जसे घरातील मतांकडे पाहतो, तसेच तेही पाहतात. आपल्या विरोधात बोलणे ही त्यांच्या निवडणुकीची गरज असते, हे समजून घेतले तर प्रत्येक घोषणेने दुखावून जायचे कारण उरत नाही.

मोंबासा_ते_माहीम
मी 11 वर्षे केनियात लेखापाल होतो, म्हणून बाहेरचे एक उदाहरण. केनिया, युगांडा आणि टांझानिया यांचा पूर्व आफ्रिकी समुदाय 1967 मध्ये झाला आणि 1977 मध्ये मोडला. सगळा लाभ केनियाच घेतो, अशी बाकीच्यांची तक्रार होती. आपल्याकडे भारताबद्दल असते तशीच. टांझानियाने 1977 मध्ये केनियाची सीमा बंद केली, ती 1983 मध्ये उघडली. पुढच्या पिढीने 2000 मध्ये समुदाय पुन्हा उभा केला आणि सुरुवात नाक्यांपासून केली. केनिया-युगांडा सीमेवरील मलाबा नाक्यावर पूर्वी ट्रकचालक दोन वेळा कागद दाखवत आणि दिवसच्या दिवस थांबत. आता दोन्ही देशांचे अधिकारी एकाच इमारतीत शेजारी बसतात आणि ट्रक एकदाच थांबतो. जागतिक बँकेने पेट्रापोल-बेनापोलबद्दल लिहिताना म्हटले आहे की तेथे काही दिवस लागतात आणि पूर्व आफ्रिकेत तेवढ्याच वर्दळीच्या नाक्यांवर 6 तासांहून कमी लागतात.

तेथे सगळे गुण्यागोविंदाने नांदतात असे मात्र नाही. रवांडा आणि युगांडा यांच्यातील गतुना नाका फेब्रुवारी 2019 पासून जवळजवळ तीन वर्षे बंद होता, आणि जानेवारी 2025 मध्ये रवांडाचा पाठिंबा असल्याचे म्हटले जाणाऱ्या एम 23 बंडखोरांनी काँगोतील गोमा घेतले, तेव्हा रवांडा आणि काँगो दोघेही त्याच समुदायाचे सदस्य होते. तरी मलाबाची इमारत चालू राहिली.

लासलगाव_ते_लालबाग
या उदाहरणावरून एक मागणी सुचते. निर्यातबंदी करायचीच असेल तर आधीच रस्त्यावर असलेल्या आणि बँकेत पतपत्र (लेटर ऑफ क्रेडिट) उघडलेल्या मालाला ती लागू नसावी आणि शेजारी देशाला निदान काही आठवड्यांची पूर्वसूचना मिळावी. 2019 मध्ये त्यांनी एवढेच मागितले होते. त्यानंतर ते पाकिस्तान, तुर्कस्तान, इजिप्त, चीन असा जेथून मिळेल तेथून कांदा घेऊ लागले आणि स्वतःही अधिक पिकवू लागले. गेलेला ग्राहक परत आणायला भाव पाडावा लागतो, आणि तो शेतकऱ्याच्या खिशातून पडतो.

हेमंत_मुलुंड
पाकिस्तानबाबत माझे मत कायम आहे. पण बांगलादेश, नेपाळ आणि श्रीलंका यांच्याबद्दल वरचे प्रतिसाद वाचून वाटते की आपण पाकिस्तानवरचा राग नकळत सगळ्या सीमांवर पसरू देतो. 2015 मध्ये बांगलादेशाबरोबर छिटमहालांची, म्हणजे एकमेकांच्या हद्दीत अडकलेल्या भूभागांची, अदलाबदल झाली, भारताचे 111 आणि त्यांचे 51 भूभाग बदलले गेले, त्यासाठी 100 वी घटनादुरुस्ती संसदेत एकमताने संमत झाली. मूळ करार 1974 चा होता. एका सीमेवर 41 वर्षांनी का होईना सगळे पक्ष एकत्र आले, तर ते अशक्य नाही.

नाखवा_वेसावे
केळवेताई, तुमच्या विद्यार्थिनीचे वडील परत आले का? दोन दिवस ते मनात आहे.

केळवे
आले. वाघ्याहून अमृतसर, तेथून रेल्वेने बडोदा आणि मग गावी. घरी पोहोचले तेव्हा मुलगी शाळेतच होती, तिला निरोप द्यायला मीच वर्गात गेले. पुढे त्यांच्याकडून कळले की तुरुंगात त्यांनी मण्यांच्या पिशव्या विणायला शिकून घेतले होते. तशी एक निळी पिशवी त्यांनी मुलीसाठी आणली होती आणि दहावीपर्यंत ती कंपासपेटी तिच्यातच ठेवत असे. पुढच्या हंगामात ते पुन्हा ओख्याला गेले, कारण गावात तेव्हाही काम नव्हते.

द्रोणागिरी
सर्वांचे प्रतिसाद दोन वेळा वाचले. मूळ प्रश्न मी चुकीच्या शब्दांत मांडला होता, असे आता वाटते. घरगुती राजकारण ठरवते, हे जवळजवळ सगळ्यांनी सांगितले आणि ते मी स्वीकारतो. त्याहून मला महत्त्वाचे वाटले ते असे की राजकारण बिघडल्यावरही जे चालू राहिले, त्या प्रत्येक ठिकाणी कोणीतरी रोजचे काम लिहून ठेवले होते: दहा दिवसांचे मोजमाप, सहा महिन्यांची यादी, तेलाची नळी, मलाब्याची इमारत, माझ्या फाइलमधला साफ्टाचा दाखला. गंगा करार संपायच्या आत त्याचे नवे कलम काय असावे, याची चर्चा महाराष्ट्रात कोणी करत नाही. जलमापकसाहेब, आपण त्यावर स्वतंत्र धागा काढावा, अशी विनंती आहे.

त्या शर्टांच्या मालाचे काम काल पूर्ण झाले. पुढच्या खेपेचे कागद सोमवारी येतील.

जलमापक
रविवारपर्यंत धागा काढतो. फरक्क्याच्या मोजणीची पद्धत आणि 1977 च्या जुन्या करारातील हमीचे कलम, जे 1996 च्या करारात नाही, तेथून सुरुवात करीन.